काचेबाहेरचे मामा

जगात माणसं दोनच प्रकारची, ज्यांना समोरचं दिसतं ती आणि बाकीची, असं आमच्या हिच्या मामांचं ठाम मत होतं. आणि पहिल्या प्रकारात त्यांनी स्वतःखेरीज कुणाला घेतल्याचं मला तरी आठवत नाही. औरंगाबादहून पाचोडकडे निघालं की शहर संपता संपता एका लिंबाखाली त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. तिथं ते मोठ्या ट्रकांच्या काचा बदलून देत. फक्त समोरच्या. बाजूच्या काचा म्हणजे त्यांच्या लेखी नुसते चोचले. छावणीतले एक डॉक्टर एकदा आपली नवी कार घेऊन आले, तर मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चष्म्याच्या दुकानात न्या म्हणून त्यांना वाटेला लावलं. वर, आपण पोलिस ॲक्शनच्या साली जन्मलो असल्यानं आपल्याला कुणाच्या बापाची भीती नाही, हेही ऐकवलं.

फुटलेल्या काचेवरून ते गाडीची कुंडली मांडत. एका ड्रायव्हरनं दगड लागला म्हणून सांगितलं. मामांनी तड्यावरून बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "देवापुढचा नारळ उडाला व्हय, ब्रेक मारल्यावर?" गडी खाली बघायला लागला. जुन्या काचेवरचं देवाचं चित्र ते पाणी लावून लावून सोडवत आणि बोटांनी मोजून नव्या काचेवर बरोबर त्याच जागी लावत. देवाची जागा हलली की ड्रायव्हरची नजर हलते, असं त्यांचं शास्त्र होतं. हल्ली काचा चिकटवतात, असं मी एकदा बोलून गेलो. "पोस्टाचं तिकीट हाय का ते?" एवढंच म्हणून दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांची काच रबरात बसायची आणि त्या कामाला माणसं दोन लागायची. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची आणि दोरीची टोकं केबिनमध्ये सोडायची. बाहेरच्यानं काच दाबून धरायची, आतल्यानं दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघेल तसं रबर चौकटीवर चढत जातं. बाहेर मामा आणि आत, सीटवर चौघडी गोधडी घालून, मामी. बाहेरचा तो कारागीर, आतल्यानं काय, नुसता दोरा ओढायचा, असं मामा मामींच्या देखत सगळ्यांना सांगत. बायकोचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नाही. हाक मारायची तर काचेवर दोन टिचक्या. काच मोठी, मामा बुटके. बंपरवर चढून तळवे, छाती, शेवटी गालसुद्धा लावून दाबत, आणि नाक असं चपटं होई की आत मामी पदर तोंडाला लावून मान फिरवत. मामा बाहेरून चिडून काहीतरी ओरडत. मामींना त्यातलं अक्षर ऐकू जात नसे. त्यांचा संसार सुखाचा झाला, त्याचं हे एक कारण असावं.

दिवाळीच्या तोंडावर मामी गेल्या. चार दिवस ताप आला आणि संपलंच. मामांनी दुकानाला कुलूप घातलं. लोकांना सांगताना म्हणत, "दमलोय." कुलूप पुन्हा निघतं की नाही, याचा आम्हा दोघांना घोर लागला होता. आणि एका रविवारी पैठणचा एक जुना ड्रायव्हर तडकलेल्या काचेचा ट्रक घेऊन थेट घरीच आला. दुसऱ्याकडं जात नाय म्हणून अडून बसला. मामांनी माझ्याकडं पाहिलं.

दुकानाचं कुलूप निघालं आणि मी केबिनमध्ये मामींच्या गोधडीवर जाऊन बसलो. बाहेरून दोन टिचक्या पडल्या. नुसता दोरा तर ओढायचा होता, मी ओढला. कोपऱ्यापाशी कट् असा आवाज झाला आणि नवी काच खालपासून वरपर्यंत तडकली. मी खाली उतरलो, माफी मागायला लागलो. मामा तड्यावरून बोट फिरवत होते.

"तुमचा दोष नाय, जावईबापू," ते म्हणाले. "घाई मी करतो. कोपरा आला की ती थांबायची. माझा हात तिथं पोचंस्तोवर थांबायची. तीस वर्षं मला वाटलं, काच मीच बसवतो."

दुकानात आणखी एक काच होती. तिच्यावर रबर चढवलं, दोरी घातली. मग मामा स्वतः केबिनमध्ये चढले. बसण्यापूर्वी त्यांनी गोधडीची घडी नीट केली. मला म्हणाले, तुम्ही बाहेर उभे राहा. मी तळवे टेकले, छाती टेकली. काच रेटवेना म्हणून गालही लावला. पहिला कोपरा गेला. दुसऱ्या कोपऱ्याशी मामा थांबले आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

माझं नाक चपटं झालं असणार. मामी गेल्यापासून पहिल्यांदाच मामांना हसू फुटलं. खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावून त्यांनी मान फिरवली, अगदी मामींसारखी. खांदे हलत राहिले. बराच वेळ हलत राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते हसणं केव्हाच संपलं होतं. काचेतून आवाज येत नव्हता. मला आत जावंसं वाटत होतं, पण दोरी अजून त्यांच्या हातात होती आणि काच सोडली असती तर ती पडली असती. कोपरा आला की थांबायचं असतं. मी दाबून उभा राहिलो.