आरशातली कड

पनवेल-उरण पट्ट्यातल्या मुसलमान घरांत लग्न ठरलं की पहिले फोन जातात ते हॉलवाल्याला, बिर्याणीवाल्याला आणि ताहिराला. बायकांच्या दालनात पुरुष फोटोग्राफर चालत नाही ना! तिचा नवरा नझीर याचा जुन्या पनवेलमध्ये स्टुडिओ. वर्षानुवर्षं तो दाराबाहेर उभा राहून नवरदेवाचे फोटो काढायचा आणि नवरी बिनफोटोचीच सासरी जायची. शेवटी ताहिराने कॅमेरा उचलला. तेव्हा लोक हसले. त्याच लोकांच्या लेकींच्या तारखा आता हिला विचारून ठरतात, त्याला काय म्हणायचं?

नझीरने तिला शिकवलेली पहिली गोष्ट अंधाराची होती. कमी उजेडात कॅमेरा चाचपडतो, लेन्स पुढेमागे करत बसते, आणि तेवढ्यात हसणारा माणूस हसून मोकळा होतो. "कॅमेऱ्याला चेहरा कळत नाही, ताहिरा. त्याला कड कळते," तो म्हणायचा. काळं-पांढरं जिथे भेटतं ती रेघ. कपाळावरच्या टिक्याची, टोपीच्या काठाची, कशाचीही. ती शोधून त्याच्या हातात दिलीस की तो तिथे घट्ट चिकटतो. ताहिराने हे चहात साखर घालण्याइतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं.

रिदाच्या लग्नाच्या दुपारी ती हॉलमध्ये शिरली आणि तिचं डोकंच फिरलं. बाहेर लख्ख ऊन, आत सगळे पडदे ओढलेले, ट्यूबलाइट बंद, भिंतीवर फक्त पिवळ्या दिव्यांची एक माळ. हे काय लग्नाचं दालन की गोडाऊन? ती तरातरा बटणांकडे निघाली तर रिदाच्या फुफीने, म्हणजे आत्या जास्मीनने, तिचं मनगट धरलं.

बाजूला नेऊन फुफीने खालच्या आवाजात सांगितलं. रिदाच्या डाव्या गालावर कोडाचा पांढरा डाग आहे. मेकअपने झाकतो, पण उजेडात सासरच्या बायकांची नजर पडायला वेळ लागत नाही. आज रुखसती होऊ दे, पोरगी सासरी जाऊ दे, मग जे व्हायचं ते होईल. "झाकली मूठ सव्वा लाखाची," फुफी म्हणाली. "फोटोही जरा धूसरच ठेव. आपल्या पोरीची कड घे."

वाईट बाई नव्हती ती. आई गेल्यावर रिदाला तिनेच वाढवलेलं. डागापायी परत गेलेली स्थळं तिनेच मोजली होती आणि रात्री उशीत तोंड खुपसून तीच रडली होती. ताहिराला तिचा राग आला आणि दयाही आली. पण धूसर फोटो मुद्दाम काढायचा, हे तिच्या हाताला पटेना.

ती नवरीच्या खोलीत गेली तेव्हा रिदा आरशासमोर बसली होती. हातात ओला कापूस. डाव्या गालावरचा मेकअप तिने पुसून टाकला होता आणि ओढणी गालावर ओढून घेतली होती. ताहिराने दार लावून घेतलं.

"आपा, एक फोटो मागते," रिदा म्हणाली. "माझा नको. अदीबचा."

रिदाची दादी हैदराबादकडची, म्हणून या घरात निकाहनंतर आरसी-मुसहफची रीत होती. नवरा-नवरीच्या डोक्यावर एकच ओढणी धरायची, समोर कुराण आणि आरसा, आणि दोघांनी पहिल्यांदा एकमेकांना बघायचं ते आरशात. डागाचं नवरदेवाला, अदीबला, रिदाने फोनवर सांगितलेलं होतं. काही फरक पडत नाही, असं तो म्हणालाही होता. पण फोनवर कोण काय म्हणत नाही? त्याने तिला पाहिलं होतं ते नेहमी मेकअपमध्ये, चार माणसांत. आज आरशात तो उघडा गाल बघणार होता. त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे येईल तेच खरं, आणि रिदाला ठाऊक होतं की तेव्हा तिची मान काही वर होणार नाही.

ताहिराने विचारलं, की निकाह तर सकाळीच झाला, आता कळून उपयोग काय.

"मोडायला नाही विचारत मी. त्याच्या घरात जन्मभर पावडर लावून वावरायचं की नाही, तेवढं मला जाण्याआधी कळू दे. धूसर नको, आपा. धूसर फोटोत माणसाला हवं ते दिसतं."

ताहिराने मान हलवली खरी, पण काम सोपं नव्हतं. आरसा म्हणजे कॅमेऱ्याचा जन्माचा वैरी. कॅमेऱ्याची नजर पडते ती आरशाच्या चौकटीवर, नक्षी कशी कोरून काढल्यासारखी येते, आणि आतला चेहरा विरघळतो, कारण तो आरशाइतका जवळ नसतोच. आरशापर्यंतचं अंतर आणि आरशापासून माणसापर्यंतचं, दोन्ही मिळून तो लांब असतो. वर हा अंधार. फ्लॅश मारायची सोय नाही. अंधारात कड शोधायला कॅमेऱ्याचा मदतीचा तांबडा दिवा असतो, तो आरशावर आपटून दोघांच्या डोळ्यांत जाणार. तिने तो बंद केला, लेन्स होती तेवढी उघडली आणि फोकसचा चौकोन बारीक करून ठेवला. आता हवी होती एक कड. तिला आठवलं, मंगनीच्या फोटोंत अदीबला जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता. चष्मा मिळाला की झालं काम, असं मनाशी म्हणत ती बाहेर आली.

अदीब आला. चष्मा नव्हता!

फुफीने दारातच तो काढायला लावला होता. फोटोत काच चमकते म्हणे. काच कसली चमकते? दिवे बंद, चष्मा बंद. फुफीने सगळ्या बाजूंनी कडेकोट बंदोबस्त केला होता. अदीब बिचारा ठेचकाळत गादीवर येऊन बसला.

ओढणी धरली गेली. ताहिरा रिदाच्या खांद्यामागे गुडघ्यांवर बसली आणि लेन्स ओढणीच्या काठाखालून आत सरकवली. आरशात अदीबचा चेहरा दिसत होता, गुळगुळीत, अंधारात मिसळलेला. तिने बटण अर्धं दाबलं. लेन्स पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. चौकट स्पष्ट झाली आणि चेहरा गेला. हाताने फोकस फिरवून बघावं तर स्क्रीनवर नुसती रेती सांडल्यासारखी. अदीब श्वास घ्यायचा तेवढ्यानेही तो पुढेमागे होत होता.

दोघांनी कुराणातली सूरह पढायला सुरुवात केली. छोटीशी सूरह ती, संपायला कितीसा वेळ? ताहिराने टोपीचा काठ धरून पाहिला, पण टोपी ओढणीच्या सावलीत बुडालेली.  या पोरीला आता मी काय दाखवू, तिच्या मनात आलं, आरशाची नक्षी?

पढणं संपलं. बायका हसत म्हणाल्या, बघा आता. रिदाने ओढणी गालावरून सोडून दिली. मान खालीच. मागे फुफीचा श्वास अडकल्याचं ताहिराला ऐकू आलं.

अदीबने आरशात पाहिलं. मग डोळे बारीक केले. आणि एकाएकी तो खाली वळून शेरवानीचा खिसा चाचपू लागला.  तोंड फिरवलं याने? संपलं सगळं?

खिशातून त्याने चष्मा काढला, घाईघाईत कुर्त्याच्या टोकाला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. मग आरशावर पुढे झुकला.

काळी कड. लेन्स एकदाच हलली आणि थांबली. ताहिराने बटण दाबलं.

नंतर खोलीत तिने कॅमेरा रिदाच्या हातात दिला. रिदाने आधी डोळे मिटून घेतले, मग पाहिलं. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. अदीबच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, दचकणंही नव्हतं. बारीक अक्षर वाचताना माणूस जसा सगळं विसरून वाकतो, तसा तो वाकला होता. एकेक पापणी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि चष्म्याच्या डाव्या काचेत एक इवलासा गाल.

"पण चष्मा तर फुफीने काढायला लावलेला ना?"

"हो. तू ओढणी सोडलीस, मग घातला त्याने."

रिदाने फोटो पुन्हा मोठा केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. फुफी मेकअपचा डबा घेऊन आत आली. सासरच्या बायका भेटायला थांबल्या होत्या. तिने स्पंज गालाकडे नेला तर रिदाने तिचा हात धरला, त्या हाताचं चुंबन घेतलं आणि डबा बाजूला ठेवला.

"फुफी, बाहेरचे दिवे लावा," ती म्हणाली. "अदीबला कमी उजेडात नीट दिसत नाही."