मामा मागाहून आला

माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिच्या पाठीशी मामा म्हणून जो माणूस उभा आहे, तो मी नव्हे. तो बसू आहे. बसू निपाणी स्टँडबाहेर भाड्याची गाडी लावतो. त्या दिवशी सकाळपर्यंत आमचं त्याच्याशी काहीही नातं नव्हतं. डोक्यावरचा फेटा मात्र माझा आहे.

निपाणीहून बेळगावला कसं जावं, असं मला बरेच जण विचारतात. (विचारताना हसतात. दिसतं मला ते.) तरी सांगतो, कारण या रस्त्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कुणाला शिकवलं नसेल. कर्नाटकची साधी लाल बस आहे. तिच्यात इथल्या बायकांनी आधार कार्ड दाखवलं की प्रवास फुकट. पुरुषांना तिकीट आहे, जागा नाही. कोल्हापूरकडून महाराष्ट्राची बस येते, पण सीमाप्रश्न तापला की ती सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरूनच तोंड फिरवते, आणि तो काही लग्नाच्या तारखा बघून तापत नाही. उरली भाड्याची गाडी. ती दारातून उचलते, दारात सोडते. तिच्यात एकच खोट. तिला ड्रायव्हर असतो, आणि तो आकडा सांगतो.

पहिला आकडा मी शिवी समजतो. बोरगावच्या बाजारात सायकलवरून स्टीलच्या वाट्या विकत मी सुरुवात केली. आज निपाणीत माझं भांड्यांचं दुकान आहे, आणि ते कुणाच्या पहिल्या आकड्याला मान डोलावून उभं राहिलेलं नाही. मी डॉक्टरांच्या फीचीही घासाघीस केली आहे. (फी उतरली. गोळ्याही कमी दिल्या त्यांनी.)

आक्काला मी एकुलता भाऊ. तिच्या शिल्पाचं लग्न बेळगावला, शहापुरातल्या एका कार्यालयात, दुपारच्या मुहूर्तावर होतं. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. शिल्पा पाळण्यात होती तेव्हापासून मी त्या मानावर डोळा ठेवून होतो. फेटा आदल्या दिवशीच बांधून घेतला होता. मामाची पिवळी साडी शहापुरातल्या विणकराच्या घरी ठाण मांडून, त्याच्याच घरचा चहा पीत, माझ्या भावात आणली होती.

सकाळी आई, बायको आणि मी स्टँडबाहेर आलो. बसूनं आकडा सांगितला. मी निम्मा केला.

"अण्णा," बसू म्हणाला, "डिझेल काय माझ्या सासऱ्याच्या विहिरीतनं येतंय?"

तो थोडा उतरला, मी थोडा चढलो. मधल्या आकड्यावर त्यानं कानडीत "आयतु", म्हणजे ठरलं, म्हणून दार उघडलं. आई बसली. पिशव्या घेऊन बायको बसली. दुसरा कुणीही असता तर इथं बसला असता! पण सौदा असा चटकन पटला की माझ्या जिवाला लागतं. म्हणजे गडी अजून खाली आला असता! मी एक पाय गाडीत ठेवूनच म्हणालो, की परतीचंही ह्यातच धरायचं. शिवाय कार्यालयात त्याला नाष्टा, जेवण मिळणारच, तेव्हा तेवढे वजा करायचे. बसूनं स्टेअरिंगवरचा हात काढला आणि आरशातून माझ्या बायकोकडे बघितलं.

मी पाय बाहेर काढला आणि दोघींना उतरायला सांगितलं. बस तुम्हाला फुकट आहे, म्हटलं.

"आमाला हाय. तुमाला हाय का?" बायको म्हणाली, आणि बसूकडे वळली. "चला हो दादा. ठरलंय तेवढं मी देते."

"ह्यो आकडा मला मान्य न्हाय."

"मग तुमी बसनं या," ती म्हणाली आणि काच वर केली.

तुमच्या आधी पोचून दाखवतो, असं मी त्या काचेला सांगितलं. गाडी गेली. आई, साडी आणि फेट्यासकट.

लाल बस आली. दारात माझा एक पाय टेकला. दुसरा कुठे आहे ते मला संकेश्वरपर्यंत कळलं नाही. एका बाईंनी "धरा जरा" म्हणून आपला जेवणाचा डबा माझ्या हातात दिला आणि गर्दीत नाहीशा झाल्या. प्रत्येक थांब्यावर चार जणी चढत होत्या, उतरत कुणीच नव्हतं. कंडक्टर आला तेव्हा मी म्हणालो, एका पायावर प्रवास चाललाय, अर्धं तिकीट द्या. तो म्हणाला, दोन पाय टेकायचे असतील तर रस्ता मोकळा आहे. हे मी ऐकून घेणार? मी संकेश्वरला उतरलो. बस निघून गेली तेव्हा लक्षात आलं, डबा माझ्याच हातात होता.

पुढे टोमॅटोचा टेम्पो मिळाला. मागे क्रेटवर बसायचं, या बोलीवर तो माझ्या आकड्याला आला. (विजारीचं काय झालं ते विचारू नका.) तो बेळगावच्या कॅम्पात माल उतरवणार होता. शहापूरपर्यंत सोडायला किंचित जास्त मागत होता. मी म्हटलं, कॅम्पातून शहापूर ते काय, चालत जाईन. चालत निघालो. टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं होतं आणि समोरून मालगाडी, शेपूट नसलेली. मालगाडीशी घासाघीस करता येत नाही. गेटमनशी केली. त्यानं पाठ फिरवली.

कार्यालय दिसायच्या आधी लाउडस्पीकर ऐकू आला. सावधान, सावधान. मी धावलो, डब्यासकट. दारात पोचलो आणि माझ्या अंगावर अक्षता पडल्या, कारण मागच्या रांगेतल्या लोकांचा नेम चुकला होता. वर बोहल्यावर शिल्पा, माझ्या पिवळ्या साडीत. तिच्या पाठीशी, माझ्या फेट्यात, बसू.

झालं होतं असं. गुरुजींनी दोनदा मामाला हाक मारली. मामा मालगाडी मोजत होता. तेवढ्यात माझे दोन चुलतभाऊ पुढे आले आणि दोघांनी शिल्पाचा एकेक हात धरला. दाजींना घाम फुटला. एकाला मान दिला तर दुसरा आपली माणसं घेऊन, न जेवता निघून जाणार. तेव्हा आईनं दाराशी उप्पीट खात बसलेल्या बसूकडे बोट दाखवलं. "त्यो कुणाचाच न्हाय. त्यालाच उभा करा." दोन्ही चुलतभाऊ लगेच कबूल झाले. आमच्या घराण्यात एवढं एकमत मी पूर्वी बघितलं नव्हतं.

"आई, मामा मी हाय," मी म्हणालो.

"व्हय रं," आई म्हणाली. "पण पोचला त्यो."

बसू घाबऱ्या घाबऱ्या खाली आला, फेटा दोन्ही हातांनी काढून माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. मामाचा आहेरही आक्कानं त्यालाच केला. मी जेवणावर बहिष्कार टाकला आणि चपलांच्या ढिगाशेजारी बसून डबा उघडला. भाकरी आणि वांग्याची भाजी. त्या बाईंना भाजीत मीठ घालायला हवं होतं.

यंदा धाकट्या भाचीचं लग्न निघालं. आक्काचा फोन आला. "ह्या खेपेला तूच उभा राहा. पण यायचं बसूअण्णाच्या गाडीतनं. न्हायतर मग हायच त्यो." लग्नाच्या सकाळी आई-बायकोला घेऊन, नाक मुठीत धरून गेलो स्टँडवर. दोघी आधीच गाडीत बसल्या. म्हटलं, बोल आकडा.

"घरच्या माणसाकडनं भाडं घेत न्हाय मी, अण्णा."

एवढा खालचा आकडा मला जन्मात कुणी सांगितला नव्हता, आणि एवढा राग जन्मात आला नव्हता. फुकट म्हणजे उपकार, आणि तोही बसूचा! मी त्याचा मागल्या खेपेचा पहिला आकडा सांगितला. त्यानं मान हलवली. मी वाढवला. त्यानं मान हलवली. परतीचं वेगळं धर म्हटलं, नाष्टा-जेवण वजा करू नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भाडं वर चढवत होतो, आणि समोरचा शून्यावरून हलत नव्हता. शेवटी पुढच्या सीटवरून आई म्हणाली, "बस रं आता गुमान."

बसलो. मागच्या सीटवर, बायको आणि फेट्याच्या पिशवीच्या मधे अंग चोरून. निपाणी ते बेळगाव, थेट मांडवाच्या दारात, फुकट. आधार कार्ड तेवढं कुणी विचारलं नाही.