घुंगरांची गल्ली

रस्ता विचारणं हा मी आयुष्यभर स्वतःचा अपमान समजत आलो. लातूरच्या गल्ल्या डोळे झाकून पाठ, तेव्हा नांदेडही आपलंच, असा माझा समज होता.

थोरली बहीण म्हणजे आमची अक्का. आई लवकर गेली, त्यामुळं मला न्हाऊ घालण्यापासून चापट मारण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आम्ही लिंगायत; तिच्या गळ्यात इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी होती, लग्नातली. उन्हाळ्यात त्या डबीची कडी तुटली. ती घडवणारा कारागीर म्हातारपणी मुलाकडं नांदेडला गेलेला, आणि अक्काचा हट्ट की हात लावील तर तोच. मी एका लग्नाला तिकडं निघालोच होतो. तिनं लिंग पांढऱ्या कापडात बांधून गळ्यात घातलं आणि रिकामी डबी माझ्या हातावर ठेवली.

"चिठ्ठी घेऊन ये रे," म्हणाली.

लग्नातल्या एकानं मोटारसायकलवरून मला कारागिराच्या दारात सोडलं. म्हाताऱ्यानं डबी घेतली, म्हणाला, "चिठ्ठी देतो, फोन नंबर लिवलाय त्याच्यावर." मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या, गल्ली ध्यानात हाय." आणि होतीच! गल्लीच्या तोंडाशी रसवंती होती, चरकाला बांधलेले घुंगरू छमछम वाजत होते. याहून पक्की खूण कोणती?

पुढं डबी आणायला जायचं, तर कधी काम निघालं, कधी कंटाळा आला. अक्का विचारायची. मी सांगायचो, कारागीर आजारी आहे. एका धडधाकट म्हाताऱ्याला मी तीनदा अंथरुणाला खिळवलं.

श्रावणात अक्काच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. अक्काचा हात सारखा गळ्यातल्या कापडी गाठीवर जायचा. ते बघवेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं मी नांदेड गाठलं.

ऑटो केला नाही. गल्ली कानानं ओळखायची होती, ऑटोच्या भडभडाटात घुंगरू कसे ऐकू येणार? वजिराबाद पालथं घातलं, इतवाऱ्यात शिरलो, कान टवकारून बोळामागून बोळ तुडवले. अत्तराच्या दुकानावरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा दुकानदारानं हसून सलाम केला. शेवटी हार मानून एका पानवाल्याला विचारलं, "इथं रसवंती कुठं हाय हो?"

त्यानं आभाळाकडं पाहिलं, मग माझ्या चिखलानं भरलेल्या चपलांकडं.

"चाचा, श्रावणात रस? गर्मीत या."

माझी पक्की खूण उन्हाळ्याबरोबर बाडबिस्तरा गुंडाळून निघून गेली होती.

दुपारी अक्काचाच फोन आला.

"कुठं हायस?"

"नांदेडात. डबी हातात हाय, निघालोच."

"सापडंना व्हय रे?"

"सापडली म्हणतो ना!"

"बरं. कापडातबी चांगलं ऱ्हातंय. तू ये."

स्टँडकडं मी पाच-पंचवीस पावलं टाकलीसुद्धा. पण रिकाम्या हातानं गेलो तर थाप उघडी पडणार. साठीचा बाप्या मी, बहिणीपुढं खोटा पडायला भ्यालो आणि उलटा वळलो.

आता मात्र दिसेल त्याला विचारत सुटलो. चार वाजून गेल्यावर दारात मेथी निवडत बसलेली एक बाई म्हणाली, "रसवाला? ह्या पत्र्याखालीच बसतो की. गेला भोकरला, गावाकडं." त्या पत्र्याखालून मी सकाळी दोनदा गेलो होतो. कारागीर चौथ्या दारात.

"कवाच करून ठेवलीय," तो म्हणाला. "लिंग इतके दिवस कापडातच काय, मालक?"

त्यानं गुलाबी कागदात गुंडाळलेली डबी माझ्या हातावर ठेवली, तेवढ्यात भाच्याचा फोन.

"मामा, आई गेली. दुपारपासून दाराकडंच बघून राहिली होती."

दुसऱ्या दिवशी अक्काला मांडी घालून खड्ड्यात बसवलं. मी डबी पुढं केली.

"आता डबी लागत न्हाई," आमचे पुरोहित, जंगम, हळूच म्हणाले. "लिंग हातावर देत्यात."

त्यांनी तिच्या गळ्यातली गाठ सोडली, लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बेल, विभूती, मग माती. कापड बाजूला पडलं होतं, ते मी उचललं. गाठीपाशी ते तिच्या बोटांनी झिजून जाळीसारखं झालं होतं.

परतताना भाचा म्हणाला, "आईला ठावं होतं, मामा. म्हणाली, चिठ्ठी घेतली नसंल त्यानं. आल्यावर कुणी काही बोलू नका त्याला."

कुणी काही बोललंही नाही.

डबी माझ्याकडंच आहे, ते कापड घडी करून आत ठेवलंय. कडी मोठी पक्की बसलीय. उन्हाळ्यात आमच्या चौकात रसवंती लागली, की मी मागच्या गल्लीनं, लांबून घरी जातो.