हंसातलं डोहाळजेवण

समस्त मराठीजनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की दिल्लीला समुद्र नाही. बेटं मात्र आहेत. शहराबाहेर कोणीतरी तलाव खणला, मधून बांध घालून त्यावर रस्ता नेला आणि उरलेल्या मातीचे रस्त्यालगत ढीग घातले. त्या ढिगांना बेटं म्हणतात. एकावर फायबरचा जिराफ आहे. बोटीने त्याच्यापर्यंत जायचं, फोटो काढायचे, परत यायचं.

माझ्या भाचीला तेव्हा सातवा महिना होता. याआधी दोनदा गर्भ पडला होता. त्यामुळे या वेळी तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नव्हतं. डोहाळजेवण नावेतलंच हवं.

नाव म्हणजे पायडलचा पांढरा हंस. पुढे पायडलवर जावई आणि मी, मागे ताई आणि फुलांच्या दागिन्यांनी मढलेली भाची. मी नाट्यपद सुरू करण्याच्या बेतात होतो. जिराफ जवळ आला आणि भाची म्हणाली, "मामा, पोटात दुखतंय."

हंस वळवला. जीव खाऊन पायडल मारले, तर सुकाणू अडकलेलं. हंस जागच्या जागी गोल फिरू लागला. "इमर्जन्सी है भैया," मी ओरडलो. काठावरच्या बोटवाल्याने प्रेमाने हात हलवला. ताई ज्या देवाचं नाव आठवेल त्याला नवस बोलत होती. भाची पोट धरून पुटपुटत होती, "आत्ता नको रे, आत्ता नको." ते आमच्यासाठी नव्हतं. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी नव्हतो, आणि त्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे.

"मामा, मला पोहता येत नाही," असं जाहीर करून जावयाने उडी मारली. पाणी गुडघाभर निघालं. तो थक्क होऊन उभाच राहिला.

"बघतोस काय यार," भाची कण्हत म्हणाली, "ढकल ना."

मीही उतरलो. चिखलात रुतत आम्ही हंस बांधाला लावला आणि बांधावर उभी केलेली गाडी थेट हॉस्पिटलात नेली.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं. नुसती खरखर. त्या ते सरकवत राहिल्या. जावई भिजल्या कपड्यांनी भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग एकदम खोलीभर धडधड ऐकू आली, घोडा उधळावा तशी.

"बच्चा बिल्कुल ठीक है," त्या म्हणाल्या. "पर अब इन्हें बिस्तर से उठने मत देना."

ताईने डोळे पुसले, नाक पुसलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहब, लेटे लेटे ओटी भर सकते हैं ना?"