सोनकांबळे भाऊंचा हँडओव्हर

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या अकोल्याच्या घरात देव्हाराच नव्हता, तिथं भूत कुठून येणार! कुणी असले किस्से सांगायला लागलं की मीच त्याची उलटतपासणी घ्यायचो — उजेड होता का, तू घेतली होतीस का... त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर बायको हसतेय. हसू दे. ही गोष्ट भुताची आहे की नाही, हेही मला सांगता येत नाही. कारण यात मेलेलं कुणीच नाही.

गुरुग्राम तेव्हा गुडगाव होतं. काचेचे टॉवर नुकतेच उठायला लागले होते आणि मधेमधे मोहरीची शेतं अजून शिल्लक होती. तिथल्या उद्योग विहार या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारी आमची कंपनी, जपानी भागीदारीतली. मी बी शिफ्टचा, म्हणजे दुपारपाळीचा सुपरवायझर, तोही प्रोबेशनवर. राहायला दिल्लीतल्या द्वारकेत, एका अर्धवट सोसायटीत — पाणी टँकरचं, आणि लिफ्टबद्दल विचारलं की बिल्डरचा माणूस म्हणायचा, "बस जी, अगले महीने."

ए शिफ्टचे, म्हणजे सकाळपाळीचे सुपरवायझर सोनकांबळे भाऊ. मूळचे लातूरचे, माझ्यापेक्षा मोठे. दिल्लीकरांना ते आडनाव झेपेना, म्हणून सगळ्या प्लांटने त्यांचं 'सोना जी' करून टाकलं होतं. माणूस शांत, कामाला वाघ आणि तोंडात सतत बडीशेप.

जपानी ट्रेनरने आम्हाला एक शिस्त लावून दिली होती. शिफ्ट बदलताना हँडओव्हर द्यायचा, म्हणजे जाणाऱ्याने मशीनपाशी उभं राहून येणाऱ्याला तोंडी सांगायचं. येणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं. मग जाणाऱ्याने 'ठीक' म्हणायचं. ते 'ठीक' मिळेपर्यंत शिफ्ट बदलली असं धरायचंच नाही. बाकीचे हे हिंदीत उरकायचे, आम्ही दोघं मराठीत करायचो. दिवसभर 'अच्छा जी, बिल्कुल जी' करून जीभ आंबायची, तेव्हा तेवढीच काय ती घरची भाषा. प्लांटमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच.

त्या दिवशी, माझी साप्ताहिक सुट्टी संपवून, मी दुपारी नेहमीसारखा प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनच्या शेडमध्ये शिरलो. मशीन बंद होत्या, लोक हात धूत होते. तीन नंबरच्या प्रेसपाशी सोनकांबळे भाऊ उभे. करडा शर्ट, टोपी, गळ्यात लोंबणारे इअरप्लग. मला बघून नेहमीसारखं म्हणाले, "या तायडे." आणि लगेच मुद्द्यावर आले.

"तीन नंबर लावू नका. पेडल एकदा दाबलं की दोनदा पडतेय. क्लच उघडून बघा आधी."

मी परत बोललो — "तीन नंबर बंद ठेवायची, एका पेडलला दोनदा पडतेय, क्लच बघून मगच लावायची."

"ठीक," म्हणाले, आणि कॅन्टीनच्या दिशेने गेले. बडीशेपेचा वास आला मला. इतक्या जवळ होते.

तीन नंबरचा ऑपरेटर रामनिवास, रेवाडीचा, तिथंच हातमोजे चढवत होता. त्याला म्हटलं, "रुको, अभी मत चलाना." फिटरला बोलावलं. त्याने प्रेस रिकामी चालवून बघितली. पहिल्यांदा नीट पडली. दुसऱ्यांदाही नीट. फिटर माझ्याकडे बघून हसायला लागला. तिसऱ्यांदा पेडल दाबून त्याने पाय काढला — प्रेस खाली आली, वर गेली, आणि कुणी काही न करता पुन्हा धाडकन खाली आली.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रेस वर गेली की ऑपरेटर आत हात घालून पार्ट काढतो. म्हणजे दुसऱ्यांदा पडते तेव्हा हात नेमका आत असतो.  रामनिवासने हातमोजा काढला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

प्लांट मॅनेजर भल्ला साहेब धावत आले. माझी पाठ थोपटली. मग विचारलं, "पता कैसे चला?"

"सोना जी ने बताया सर, अभी हैंडओवर में."

मागे त्यागी उभा होता, दुसऱ्या लाईनचा सुपरवायझर. तो म्हणाला, "क्या बात कर रहे हो यार? ए शिफ्ट तो आज मैंने चलाई है. मैं वहाँ बोर्ड के पास तेरी राह देख रहा हूँ कब से. सोना जी तो छुट्टी पर हैं."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. पण गेटवर विचारलं तर सोनकांबळे भाऊ आलेच नव्हते. त्यांचे वडील लातूरहून आले होते आणि दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये उतरले होते. भाऊ सकाळपासून तिथं. रामनिवासला विचारलं तर तो म्हणाला, "साहब, मैं तो दस्ताने पहन रहा था. आपको बोलते सुना, अपनी बोली में. सामने कौन था, ध्यान नहीं दिया."

मी कॅन्टीनमध्येही जाऊन बघून आलो, तिथंही ते नव्हते.

आता ऑफिसची गंमत बघा. माणूस वाचला याचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. त्यानंतर सगळ्यांचा एकच प्रश्न — कुणी सांगितलं? भल्ला साहेबांचा हिशोब सरळ होता. एक तर सोनकांबळेंना आदल्या दिवशीच बिघाड माहीत होता आणि त्यांनी लपवला, नाहीतर तायडे थापा मारतोय. थापा मारणारा माणूस प्रोबेशनवर कशाला ठेवायचा, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आदल्या दिवशी काय घडलं आणि भल्ला साहेबांना काय संशय आहे, ते भाऊंना त्यागीने सकाळीच सांगितलं होतं. भल्ला साहेबांनी विचारलं आणि भाऊ अगदी शांतपणे म्हणाले, "जी सर, मैंने ही बताया. परसों जाते-जाते आवाज़ सुनी थी, बोलना भूल गया. कल याद आया तो गेस्ट हाऊस से शॉप फ्लोर पर फोन किया. तायडे ने उठाया."

मी उडालोच. फोन? कसला फोन? मी तोंड उघडायच्या आत भल्ला साहेब म्हणाले, "बस, तो फोन था. हैंडओवर, फोन, एक ही बात है." विषय संपला. खरं काय घडलं, हे ऑफिसला नको असतं हो. कुणाच्या नावावर टाकायचं, तेवढं कळलं की पुरतं.

संध्याकाळी चहाच्या सुट्टीत मी बाहेर आलो, तर भाऊ माझ्यासाठी गेटवर थांबले होते. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही असं का बोललात?"

"तुमचं प्रोबेशन आहे तायडे, माझं नाही. मला फार तर एक मेमो देतील." हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण मी आलो नव्हतो. बाबांसमोर बसून जेवत होतो. शपथ... तुम्हाला मी दिसलो म्हणता, तो कसा दिसलो?"

"जसे आत्ता दिसताय तसेच."

त्यांनी शर्टाच्या बटणाला हात लावून बघितला. 

मेमो आलाच. मानेसरच्या नव्या प्लांटचं इन्चार्जपद भाऊंना मिळणार, हे सगळे धरून चालले होते. ते त्यागीला गेलं. ज्याने विसरून माणसाचा हात धोक्यात घातला त्याला एवढा प्लांट कसा द्यायचा, असं म्हणे वर कुणीतरी बोललं. मी दोनदा भल्ला साहेबांकडे जाऊन खरं सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी मला सुट्टी घेऊन आराम करायला सांगितलं.

यानंतर खूप वर्षं गेली. मी कंपनी बदलली, भाऊ तिथूनच रिटायर झाले. आता आम्ही दोघंही द्वारकेतच आहोत, सेक्टर वेगळे. परवा चौदा एप्रिलला आमच्याकडच्या जयंतीच्या कार्यक्रमात महाराष्ट्रातून यूपीएससीच्या तयारीसाठी आलेली मुलं-मुली होती. नोकरीबद्दल चार शब्द सांगा म्हणून भाऊंना उभं केलं. ते म्हणाले —

"काम करता आलं नाही तरी चालेल, पण सांगायचं विसरू नका. मी एकदा विसरलो. माझ्या विसरण्यानं एका गरीब माणसाचा हात जाणार होता. दुसऱ्या दिवशी आठवलं म्हणून फोन केला, नाहीतर... ते ओझं अजून आहे माझ्यावर."

मला वाटलं, भाषणापुरतं म्हणाले असतील. जेवणाच्या वेळी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, तुम्ही विसरला नव्हता. फोनही नव्हता. ते तुम्ही माझ्यासाठी रचलं होतं. गेटवर तुम्हीच मला सांगितलंत."

 त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तायडे, तुम्ही फार चांगले आहात. इतकी वर्षं माझा दोष झाकायला बघताय. पण मला आठवतंय ना सगळं. आदल्या दिवशी तो क्लचचा आवाज मी ऐकला होता. बस सुटेल म्हणून तसाच निघालो. गेस्ट हाऊसच्या रिसेप्शनवरून फोन केला, तुम्ही उचललात, परत बोलून दाखवलंत. मी ठीक म्हणालो."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात. क्षणभर मलाच वाटलं, आपणच तर चुकत नाही ना? फोन होता का? पण फोनवर बडीशेपेचा वास कसा येईल? आणि कॅन्टीनकडे जाणारी ती पाठ मी बघितली होती, त्याचं काय?

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या ना, झालं ते झालं." कसं जाऊ देऊ? तो माणूस न केलेल्या चुकीचं ओझं घेऊन म्हातारा होतोय. आणि त्याची चूक नव्हती हे जाणणारा जगात मी एकटा. कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर खरंच लिहा, मी कितीही चिकित्सक असलो तरी ऐकून घेईन. कारण भाऊंना निर्दोष ठरवायचं तर आधी हे पटवावं लागेल, की त्या दुपारी फोन आलाच नव्हता, तीन नंबरपाशी भाऊंच्या रूपात दुसरंच कुणीतरी उभं होतं. आणि ते कोण होतं, हे मलाच माहीत नाही.