अजमानमधली धुरी

माझ्या बाळंतपणासाठी आई पुण्याहून दुबईजवळच्या अजमानला आली ती ऐन डिसेंबरात. बॅगेत ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, सगळं बांधून. सव्वा महिना शेक आणि धुरी, यावर आमच्या घरात आजवर कुणी प्रश्न विचारलेला नाही. कोळसे आणि बखूर, म्हणजे इथला अरबी धूप, जाळायचं धुपाटणं खालच्या दुकानातच मिळालं.

इथली थंडी म्हणजे रात्री एक चादर जास्त, बस. पण आईला वारा नको होता. खिडक्या बंद, हीटर चालू. पहिल्याच धुरीला छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलला, तर तिने त्याला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली. स्टूल कुणी धरलं? माझ्या नवऱ्याने.

धूर खोलीतच घुटमळायचा. लेक खोकायची, डोळे घट्ट मिटून रडायची, दूध तोंडात घेऊन सोडून द्यायची. मी सांगून पाहिलं.

"तुम्हा तिघा भावंडांना मी धुरीवरच वाढवलं," आई म्हणाली. "काही झालं का?"

"आपल्या घराला कौलं होती, आई. धूर निघून जायचा. इथे काच आणि सिमेंट. इथे तो हिच्या छातीतच जाणार."

नवरा जबल अलीच्या कामावरून दमून आला आणि मलाच म्हणाला, "थोडं अ‍ॅडजस्ट कर ना यार. आईंना वाईट वाटेल." माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना वाईट वाटू नये म्हणून त्या इवल्याशा जिवाने धूर गिळायचा?

दुसऱ्या दिवशी आईने निखारे फुलवले आणि लेकीला पुन्हा ढास लागली. टाके ओढत होते तरी मी उठले. धुपाटणं चिमट्याने उचलून बाल्कनीत नेलं आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. हीटर बंद केला, खिडकी सताड उघडली. मग स्टुलावर चढून ती टोपीही ओरबाडून काढली. बाळंतिणीने स्टुलावर चढू नये म्हणतात. म्हणोत.

"पोरीला गारठा बाधला तर जाब कुणाला विचारायचा?" आईने विचारलं.

"मला. तिची आई मी आहे."

पुण्याचं विमान पकडेपर्यंत आई माझ्याशी बोललीच नाही. लेकीचं न्हाऊमाखू मात्र रोज केलं, माझ्याकडे न बघता. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. खिडकी मी लावली नाही.