डॉक्टरकाकांची बॅटरी

डॉक्टरकाका भेटले की नमस्काराच्या आधी तुमचा श्वास ऐकायचे. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात ते दाराजवळच खुर्ची टाकून बसत आणि आलेला माणूस बर्फाचे बूट काढेपर्यंत त्याचं निदान झालेलं असे. "धाप लागते तुला. वजन बघ." कुणाच्या जॅकेटला सिगरेटचा वास आला, तर सगळ्यांदेखत म्हणत, "पोरांचे फोटो नीट बघून घे रे बाबा, लग्नं काही तू बघत नाहीस." कुणी हसलं की हसणाऱ्यावरही उखडत.

काका मूळचे नागपूरचे, छातीचे डॉक्टर. अख्खी हयात इथल्या इस्पितळात काढून निवृत्त झालेले. माझे वडील भारतातून आले, तेव्हा रोज संध्याकाळी त्यांना तळ्याभोवती फिरवून काकांनी त्यांची सिगरेट सोडवली. "कायमची सोडू नका. फक्त आज पिऊ नका," एवढंच ते सांगत. आई अजूनही काकांचं नाव घेताना हात जोडते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला, तेव्हा मला वेगळं काही वाटलं नाही. "मीनल, तू बॅटऱ्यांमधली इंजिनिअर ना? मीटर घेऊन ये. एकटीच ये."

काकू गेल्यापासून घर शांत होतं. काकांनी मला बेसमेंटमध्ये नेलं आणि टेबलावरचा नॅपकिन उचलला. खाली वेप होता, बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट. चांगला मुठीएवढा, स्क्रीनवाला.

"कुणाचा सापडला?" मी विचारलं. मला वाटलं, नातवाचा असेल.

"सापडला नाही. माझा आहे."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"अशी काय बघून राहिलीस?" ते म्हणाले. "रेसिडेन्सीत, शिकाऊ डॉक्टर असताना सिगरेट लागली. तेव्हापासून गराजमध्ये लपून ओढायचो. तुझ्या काकूला माहीत होतं. ती गेल्यावर सिगरेट सोडली आणि हे धरलं. आता हा फुल बॅटरी दाखवतो आणि ओढायला गेलं की बंद पडतो. दुसऱ्या कुणाला दाखवू?"

मी वेप उघडला. आत बोटाएवढ्या दोन सुट्या बॅटऱ्या होत्या. मीटरवर दोन्ही ठणठणीत दिसल्या. मी गोंधळले, तर काका म्हणाले, "बसलेला पेशंट ठीकच दिसतो. जिना चढवून बघ त्याला."

बरोबर होतं. मी बॅगेतला ऑफिसचा लोड टेस्टर लावून बॅटऱ्यांवर भार टाकला. एक टिकली, दुसरी बघता बघता कोसळली. ती जुनी होती आणि तिचं प्लॅस्टिकचं वेष्टण वरच्या टोकाशी फाटून आतला पत्रा उघडा पडला होता.

"स्पेअर बॅटऱ्या कुठे ठेवता?"

त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ल्यांसकट दोन काढल्या. मी त्या त्यांच्या हातातून काढूनच घेतल्या. "काका! किल्ली लागून शॉर्ट झालं असतं, तर खिशात पेट घेतला असता!"

ते ओशाळून हसले. आम्ही वर निघालो. निम्म्या जिन्यात काका थांबले, कठडा धरला. ओठ निळसर दिसत होते. वर आल्यावर मी त्यांच्याच टेबलावरचा, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावला. आकडा नव्वदच्या बराच खाली होता.

"हे कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि तुम्ही डॉक्टर!"

"म्हणूनच तपासलं नाही," ते म्हणाले. "मला उत्तर माहीत होतं."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना इस्पितळात नेलं. फुप्फुसात गाठ होती आणि ती पसरलेली होती.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला ते ऑक्सिजनची नळी लावून आले आणि त्यांनी माइक मागितला. सगळ्यांना वाटलं, तिळगुळाचे दोन शब्द बोलतील. "मी तुम्हाला जन्मभर रागावलो," काका म्हणाले, "आणि घरी जाऊन गराजमध्ये सिगरेट ओढली. सल्ला खरा होता. देणारा खोटा होता. तुमच्यापैकी जो कुणी लपवतोय, त्याने एका माणसाला सांगावं. मी फक्त बायकोला सांगितलं, आणि तिला गप्प बसवलं." काही जण रागावून उठून गेले. मंडळातल्या वहिनींच्या हातातली हळदीकुंकवाची तबकं तशीच राहिली.

मार्चमध्ये काका गेले. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. बोलायला श्वास उरला नव्हता.

अंत्यसंस्कार आटोपून फ्युनरल होमवरून परतताना गाडी समीर, माझा नवरा, चालवत होता. हायवेला लागायच्या आधीच त्याने ती एका बंद दुकानापुढे थांबवली. मला वाटलं, त्याला रडू येतंय. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून काहीतरी काढलं आणि न बघताच माझ्या तळहातावर ठेवलं. लायटरएवढा, निळा वेप.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "तुला सांगतोय."

मला कधीही वास आला नव्हता. मी मूठ मिटली. ते यंत्र अजून कोमट होतं.